भैरूअण्णांची तोंडी तक्रार

या, जरा पुढं सरकून बसा. भिंतीला पाठ लावून ऐकणाऱ्याला निरूपण सुरू व्हायच्या आत डुलकी लागते, हे मी वाशीच्या आमच्या मंदिरात कित्येक वर्षं बघत आलोय, आणि त्या भिंतीला एकदोनदा माझीही पाठ होती. चहा हवा असेल तर आमच्या हिला, अरुणाला, आत्ताच सांगा, मध्ये उठायचं नाही. एक गोष्ट सांगतो. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग लावतात आणि मग कथेला हात घालतात. माझ्याकडे पूर्वरंग नाही. मी बुवाही नाही. पावणे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला दिनानाथ आहे. कीर्तन ऐकण्यापलीकडे माझ्या अंगात कुठलीही कला नाही. तेव्हा सरळ कथाच. हसू येईल तिथं हसून घ्या. पुढं ते येईलच असं नाही.

सुरुवात झाली माझ्या मुलीच्या बोटांपासून. मनाली डॉक्टर आहे, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण तिथले मुख्य विश्वस्त आमच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसतात. लोकांना वाटतं, डॉक्टर दिवसभर पेशंट तपासतो. डॉक्टर दिवसभर लिहितो. पेशंट आला की लिहायचं, खोकला की लिहायचं, औषध दिलं की लिहायचं, का दिलं ते लिहायचं, आणि घरी सोडताना तेच सगळं नव्या कागदावर पुन्हा लिहायचं. जेवताना तिची बोटं आखडलेली असायची. एकदा वरणात बोट बुडवून ती ताटाच्या कडेला काहीतरी काढत बसली.

"काय गं, रांगोळी घालतेस?" अरुणानं विचारलं.

"नाही आई, खिडकीपाशी खाट आहे ना, त्या आजींचं ब्लडप्रेशर," मनाली म्हणाली. आणि मग स्वतःच दचकून तिनं हात धुतला.

मी त्याच जेवणात ठरवलं, या पोरीचं लिहिणं कमी करायचं.

"तुम्ही करणार?" अरुणा म्हणाली. "मिक्सरचं झाकण बसवायला तुम्ही मला हाक मारता."

असल्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. ते झाकण मुळातच सदोष आहे.

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात त्यांचा जावई आशुतोष, एका कॉम्प्युटर कंपनीत. त्याच्या कंपनीनं एक यंत्र काढलं होतं. फोनएवढं, स्टँडवर बसवलेलं. खाटेशेजारी ठेवायचं. डॉक्टर आणि पेशंट बोलत असताना ते ऐकतं आणि स्वतःच्या अकलेनं व्यवस्थित केसपेपर लिहून देतं. डॉक्टरनं वाचायचं आणि खाली अंगठा टेकवायचा, संपलं. आर्टिफिशियल इंटेलिजन्स.

"मराठी कळतं?" मी विचारलं.

"काका, त्याला मालवणीसुद्धा कळते. टेन्शनच घेऊ नका."

आमच्या वरच्या मजल्यावर दिलीपराव राहतात, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. सोसायटीत कुणीही काहीही करायला निघालं, अगदी गॅलरीत तुळस लावायला निघालं, तरी दिलीपराव जिन्यात गाठून एकच सल्ला देतात: "लेखी घ्या." मलाही त्यांनी तेच सांगितलं. मी म्हणालो, "अहो, ते यंत्र लेखीच देतं." यावर ते पहिल्यांदाच निरुत्तर झाले. ह्या विजयाची पुढं मला चांगलीच फळं मिळाली.

विश्वस्तांना मी कीर्तन संपल्यावर गाठलं. कीर्तन संपलं की माणसाचं मन ओलं असतं, त्या वेळी मागितलेलं सहसा कुणी नाकारत नाही. आरतीचं ताट त्याच वेळी का फिरवतात, याचा तुम्हीही विचार करा. विश्वस्त डोळे पुसत म्हणाले, "दिनानाथराव, लेकीसाठी एवढं करताय, आणू आपण यंत्र."

आणलं. कंपनीनं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं, पण वॉर्डात ते कुणाच्या जिभेवर बसेना. मावश्या आणि वॉर्डबॉय त्याला 'टिपणीस' म्हणू लागले. "टिपणीस साहेब चार्जिंगला लावलेत", "टिपणीसांना जरा इकडं सरकवा, बेडपॅन ठेवायचंय." यंत्र मुकाट्यानं सरकायचं आणि लिहायचं. आणि खरं सांगतो, लिहायचं चांगलं. पहिल्याच आठवड्यात मनाली उजेड असताना घरी आली. जेवताना माझ्याशी बोलली. विषय भेंडीच्या भाजीचा होता, पण बोलली. मी अरुणाकडे पाहिलं. तिनं माझ्या पानात न मागता एक भेंडी जास्त वाढली. लग्न जुनं झालं की अभिनंदन असंच होतं.

इथपर्यंतची गोष्ट पेढे वाटण्याची आहे. आता पुढचं.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे एक शास्त्र आहे. शहाळं घेऊन जायचं, खाटेच्या पायथ्याशी टेकायचं, "काही नाही, होईल बरं" असं म्हणायचं आणि लगेच आपल्या ओळखीत ज्याला हेच झालं होतं आणि जो बरा झाला नाही, त्याची हकीकत तपशिलानं सांगायची. त्यानं आजाऱ्याला धीर येतो अशी समजूत आहे. आमच्या सोसायटीतले अभय मास्तर पाय मोडून त्या वॉर्डात पडले होते. दिलीपराव त्यांना भेटून आले. टिपणीस शेजारी ऐकत होते. आशुतोषच्या कंपनीनं त्याला मालवणी शिकवली होती, पण आपल्याकडे खाटेशेजारी बसलेला माणूस भलत्याच माणसाचा आजार सांगत असतो, हे कुणी त्याच्या कानावर घातलं नव्हतं. संध्याकाळी मास्तरांच्या केसपेपरवर असं आलं:

"रुग्णाची दोनदा बायपास झाली आहे. एक मूत्रपिंड काढलेले आहे. साडूच्या सांगण्यावरून मधुमेहाची औषधे बंद केली. गेल्या गणपतीत निधन झाले. सध्या डावा पाय दुखतो."

मास्तरांनी ते वाचून घेतलं आणि शांतपणे मनालीला म्हणाले, "डॉक्टर, बाकी सगळं मान्य. फक्त निधनानंतर मला भूल चालेल का, तेवढं विचारून घ्या."

वॉर्डभर तेच. बाळंतिणीला आत्याबाईंचा मोतीबिंदू, सर्दीवाल्याला शेजाऱ्याचा अर्धांगवायू. मनाली खोडत बसली. आधी लिहिण्यात जायचा त्याहून जास्त वेळ खोडण्यात जाऊ लागला.

मग बैठक झाली. यंत्र मी आणलं म्हणून मलाही सल्लागार या नात्यानं बोलावलं. ठरलं असं की, टिपणीसनं फक्त पेशंटचाच आवाज धरायचा. भरती होताना पेशंटकडून नाव-गाव बोलून घ्यायचं, आवाज ओळखून ठेवायचा, बाकी कुणी काही बोललं तर सोडून द्यायचं. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण सरकारी आरोग्य योजनेच्या कार्यालयाचा हॉस्पिटलांवर फार दिवसांचा एक संशय होता, की मंजुरी मिळवण्यासाठी डॉक्टर पेशंटच्या नावावर नसलेल्या तक्रारी चढवतात. तो संशय कायमचा मिटवावा म्हणून विश्वस्तांनी आणखी एक नियम काढला. जी तक्रार पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगितली नाही, ती डॉक्टरलाही केसपेपरवर घालता येणार नाही. घातलीच तर बाजूला लाल अक्षरांत उमटणार: 'संभाषणात आधार नाही.' योजनेवाल्यांना हा नियम इतका आवडला की मंजुरी द्यायची ती हेच कागद बघून, असं त्यांनी कळवलं.

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. मनाली कोपऱ्यात बसली होती, तिनं टाळी वाजवली नाही. मला वाटलं, बोटं दुखत असतील.

आता भैरूअण्णांकडे येतो.

भैरू कणसे. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात त्यांनी उभा जन्म पाठीवर पोती वाहिली आणि दर गुरुवारी आमच्या मंदिरात पखवाज वाजवला. त्यांची बायको राहीबाई बायकांच्या बाजूला खांबाशी बसायची. मूलबाळ नाही, करंजाड्याला भाड्याची खोली. अण्णांची थाप पडली की बुवांचा आवाज अर्ध्या पट्टीनं वर जायचा. एका गुरुवारी ऐन रंगात थाप चुकली. अण्णांची थाप चुकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. आम्ही वळून पाहिलं तर अण्णा पखवाजावर ओणवे पडले होते, जणू काही त्याचं गुपित ऐकताहेत.

रिक्षात घालून मनालीच्या हॉस्पिटलात नेलं. नाव-गाव बोलून घेतलं, टिपणीसला आवाज ओळखीचा करून दिला. मनालीनं तपासलं. अंगात रक्तच नव्हतं. तिनं उजव्या बरगडीखाली दाबलं, तशी अण्णांच्या पायाची बोटं आत वळली.

"दुखतंय का अण्णा?"

"न्हाई माउली. त्याच्या किरपेनं झकास."

टिपणीसनं लिहिलं: "रुग्ण झकास आहे. वेदना नाही. तक्रार नाही. मनःस्थिती आनंदी."

आता यात यंत्राची काही चूक आहे का? आमच्या मंडळातल्या कुणालाही, मरणाच्या दारात असला तरी, "कसं काय" असं विचारून बघा. "त्याची कृपा" हेच उत्तर मिळेल. मीही तेच देतो, फक्त मला कुणी बरगडीखाली दाबलेलं नाही. आणि अण्णांचं तर आणखी पक्कं होतं. गळ्यात माळ घालताना त्यांच्या बुवांनी सांगितलं होतं, गाऱ्हाणं सांगायचं ते देवापाशी, माणसापाशी नाही. अण्णांनी ते शब्दशः पाळलं. पोती वाहताना मणका सरकला तेव्हाही मुकादमाला म्हणाले होते, "जरा वाकून चालावं वाटतंय."

त्या दिवशी मनाली घरी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "बाबा, अण्णांच्या पोटात काहीतरी आहे. पटकन स्कॅन व्हायला हवा. उशीर करून चालणार नाही."

"मग कर की."

"मंजुरी नाही आली. तक्रार नाही म्हणतात. मी लिहिली तर लाल अक्षरं आली. फोन केला, तर तिकडचा माणूस म्हणतो, मॅडम, तुमचा पेशंट आनंदी आहे असं तुमच्याच सिस्टीममध्ये आहे."

"बाहेरून करू. मी बघतो पैशांचं."

"बाहेर केलेला स्कॅन ते धरत नाहीत. मग पुढचं ऑपरेशन योजनेत बसणार नाही." चप्पल काढता काढता ती म्हणाली, "बाबा, त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडानं 'दुखतंय' म्हणायला हवं. बस."

टाळ्या कुणी वाजवल्या होत्या, हे तिनं काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

तर आता काम एवढंच होतं: एका माणसाकडून एक शब्द वदवून घ्यायचा. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच वॉर्डात हजर झालो. टिपणीसना अण्णांच्या उशाशी सरकवलं.

"अण्णा, झोप लागली का? पोटात कसंतरी होतं ना?"

"मस्त लागली माउली. गादी हाय मऊ."

"नाही, पण एखाद्या वेळी जरा कळ येत असेल?"

"येत्याल आन् जात्याल. कळाच त्या."

मी यंत्राकडे पाहिलं. लिहून आलं: "रुग्णास गादी आवडली."

राहीबाईंनी उशाशी बसून समजावलं, ती रडली, अण्णांनी नुसतं तिच्या पदराचं टोक हातात धरून ठेवलं. मी शपथ घातली. मनालीनं सरळ हात जोडले, "अण्णा, मी तुमच्या मुलीसारखी आहे, मला तरी सांगा." ते म्हणाले, "लेकीला तर आजिबात सांगू ने." शेवटी दिलीपरावांनी सूत्रं हातात घेतली. बँकेत त्यांनी भल्याभल्या कर्जबुडव्यांकडून कबुली घेतली होती म्हणे.

"कणसे, फक्त हो किंवा नाही. पोट दुखतं. हो की नाही?"

"हो म्हनलं तर तुमास्नी बरं वाटंल का?"

"हो."

"मग पांडुरंग तुमाला बरं वाटू दे."

टिपणीस: "रुग्णाने भेटणाऱ्यांच्या प्रकृतीस आराम पडावा अशी इच्छा व्यक्त केली."

दिलीपराव जिना उतरताना मला म्हणाले, "लेखी घेतलं असतं त्याच्याकडून." मग थांबून म्हणाले, "सही येते ना त्याला?" मनालीला विचारलं. सही चालत नव्हती. आवाजच हवा होता. नियमच तसा होता, आणि नियमाला शाल मिळाली होती.

असे दिवस गेले. अण्णांच्या गालाची हाडं वर आली. मनाली पुन्हा जेवताना गप्प झाली.

मार्ग राहीबाईंनी दाखवला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दादा, ते माणसाला न्हाई सांगायचे. तुमी उगा डोकं फोडताय. रोज सकाळच्याला देवाफुडं बसत्यात तवा त्याला समदं सांगत्यात. मी च्या टाकत असती, कानावर पडतंय. हितं देव न्हाई. हितं आल्यापासनं बोलल्यातच कुठं."

मी उठून उभाच राहिलो.

पण वॉर्डात तसबीर ठेवायला मनाई. मेट्रनकडे अर्ज केला, मेट्रननं तो जंतुसंसर्गवाल्या डॉक्टरांकडे धाडला, त्यांनी विचारलं, लाकडी आहे का, फुलं वाहणार का, उदबत्ती लावणार का. मी म्हटलं, काही नाही, देव नुसता ऐकणार. शेवटी वॉर्डाच्या स्नेहल सिस्टर म्हणाल्या, "काका, स्पिरिटनं पुसता येईल अशी आणा, मी बघते." मी वाशीला झेरॉक्सच्या दुकानात विठ्ठलाचा फोटो लॅमिनेट करायला टाकला. दुकानदारानं विचारलं, "आयकार्ड साइज करू का काका? खिशात राहील." मी मोठा करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचं अंग पुसून झाल्यावर स्नेहल सिस्टरनी लॉकरवर टिपणीसना ठेवलं आणि त्यांना टेकवून विठ्ठलाला उभं केलं. अण्णांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून मांडी घालायला गेले, जमलं नाही, तसेच उशीला टेकून त्यांनी हात जोडले. मी आणि मनाली शेजारच्या खाटेच्या पडद्याआड. राहीबाई पायथ्याशी केस विंचरत बसली होती, पण फणी केसांतच थांबली होती.

"आलास का," अण्णा म्हणाले. आवाज चांगला खणखणीत. "बरं झालं. आज जरा लांबण हाय, ऐकून घे. दिवाळीच्या आधीपासनं हितं, उजव्या बरगडीखाली, कुणीतरी आतनं चिमटा धरल्यावानी हुतंय. आधी सोडायचा, आता सोडत न्हाई. उशी दाबून धरली तर झोप लागती. संडासला काळं हुतंय, डांबरावानी. भाकरी नको वाटती. राही वाढती, मी तिची नजर चुकवून चतकोर माघारी टोपल्यात ठेवतो. एवढी पोती वाहिली, कुठलं जड लागलं न्हवतं. त्या गुरवारी पखवाज मांडीवर घेतला आन् त्यो जड लागला. तवा मी भ्यालो. मरायला न्हाई भ्यालो, तुझ्याकडंच यायचंय. पर राहीचं काय करायचं, ते तू मला अजून सांगितलं न्हाईस. लई दुखतंय, इठ्ठला. एवढंच. बाकी झकास."

पडद्याआड मनालीनं माझं मनगट धरलं होतं. कीर्तनात मी आयुष्यभर करुण रस ऐकला आहे. बुवांचा आवाज चिरतो, टाळ थांबतात, बायका डोळ्यांना पदर लावतात. त्या सकाळी कुणाचाच आवाज चिरला नाही.

थोड्या वेळानं टिपणीसचं टिपण आलं. सगळं होतं. बरगडी, काळं, भाकरी, उशी, एकही शब्द वाया गेला नव्हता. खाली लिहिलं होतं: "सोबत नातेवाईक: श्री. विठ्ठल. रुग्णाने त्यांना आजाराची संपूर्ण कल्पना दिली. नातेवाइकांकडून प्रतिसाद नाही."

मनालीनं ते वाचलं आणि तसंच पाठवलं. योजनेकडून उलट टपाली विचारणा आली, सदर नातेवाइकाचं ओळखपत्र जोडावं. तिनं उत्तर दिलं, "नातेवाईक सध्या उपलब्ध नाहीत." त्यावर मंजुरी मिळाली.

स्कॅनमध्ये दिसायचं ते दिसलं. आतड्यात होतं, तिथून काळजात... म्हणजे लिव्हरमध्ये गेलं होतं. सर्जननी पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं.

अण्णा शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. माणसानं देवाशी बोललेलं पडद्याआडून ऐकायचं आणि ते सरकारी कार्यालयात पाठवायचं, याला आपल्या शास्त्रात काय म्हणतात मला माहीत नाही, पण चांगलं नसणार. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी आम्ही..."

"ठाव हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माउली, एरवी मी त्याच्याशी ओठ बी हलवत न्हाई. तो काय बहिरा हाय? येवढ्या मोठ्यानं कुणासाठी सांगितलं मग?" त्यांनी डोळे मिटले. "पोरगी बिचारी रोज इचारीत हुती. बुवांचा शब्द मोडायचा न्हवता आन् तिचं मन बी."

होळी झाली आणि भैरूअण्णा गेले. करंजाड्याच्या खोलीत, सकाळी, राहीबाई चहा टाकत असताना.

मनाली म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवशी स्कॅन झाला असता तरी फार फरक पडला नसता." ती हे डॉक्टर म्हणून म्हणाली की मुलगी म्हणून, ते मी विचारलं नाही. तो नियम समितीनं काढून टाकला. त्या बैठकीला मला बोलावणं नव्हतं. शाल परत मागितली नाही, ती कपाटात आहे. टिपणीस अजून वॉर्डात आहेत, चांगलं काम करतात, खोटं कशाला बोलू. मनालीची बोटं आता आखडत नाहीत. फक्त ती हल्ली बराच वेळ पेशंटच्या पोटावर हात ठेवून नुसती बसते, आणि यंत्राला त्या वेळात लिहायला काही मिळत नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

महिन्याभरानं राहीबाईंना भेटायला गेलो, तेव्हा तिनं सांगितलं की अण्णांच्या फोनवर एका बाईचा फोन येतो. एक दिवसाआड. मी पुढच्या वेळी ऐकला. गोड आवाज, शुद्ध मराठी. "नमस्कार भैरूजी, हॉस्पिटलमधून बोलत आहे. आज आपली प्रकृती कशी आहे?" ती बाई नव्हती. आशुतोषच्या कंपनीची नवी सोय होती, घरी गेलेल्या पेशंटची विचारपूस करून केसपेपर पुढं लिहीत राहण्याची. फोनवर बोलतंय कोण, हे ओळखणं तिला अजून शिकवलेलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. हॉस्पिटलात गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सेवा बंद करायला पेशंटची तोंडी संमती लागते. मी म्हणालो, पेशंट वारला. तो म्हणाला, "बरोबर, पण फाइल चालू दाखवतेय काका. परवाचीच नोंद आहे, गुडघा दुखतो, पण शेक घेतल्यावर आराम आहे." मृत्यूचा दाखला दिला, अर्ज दिला, मनालीची सही दिली. शेवटी आशुतोषला गाठलं. तो म्हणाला, सॉरी काका, उद्यापासून बंद करतो, तुम्ही त्यांना सांगून या.

सांगायला करंजाड्याला गेलो. राहीबाई भाकऱ्या करत होती. तोंड उघडणार, एवढ्यात फोन वाजला. तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"थांबा हां दादा, तिचा फोन हाय."

ती उंबऱ्यापाशी जाऊन बसली. नमस्कार भैरूजी, आज आपली प्रकृती कशी आहे?

"बरी हाय गं," राहीबाई म्हणाली. "गुडघा जरा हलका हाय. पाणी काल बी आलं न्हाई, खालनं चढवून आणलं. झोप न्हाई लागत पहाटंच्याला, काय करावं उमगत न्हाई. मग उठून दोन येळचा च्या टाकती, एक तसाच ऱ्हातो." ती थांबली. पलीकडून आवाज आला, धन्यवाद भैरूजी, आपली नोंद केली आहे, काळजी घ्या. "घेती," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

फोन बंद झाला होता. तिनं तो पदरानं पुसून कोनाड्यात ठेवला आणि मला म्हणाली, "काय म्हनत हुता दादा?"

मी म्हणालो, "काही नाही, सहज आलो होतो." बाहेर पडून आशुतोषला फोन लावला आणि राहू दे म्हणून सांगितलं.

तेव्हा आमच्या त्या हॉस्पिटलात भैरू कणसे अजून हयात आहेत आणि त्यांचा गुडघा सुधारतो आहे. मी दर रविवारी करंजाड्याला जातो, पण रविवार एकच असतो. तुम्ही एवढा वेळ बसून ऐकलंत, म्हणून मागतो, नाही म्हणू नका. आज देवासमोर हात जोडाल तेव्हा आपलं सगळं सांगून झालं की शेवटी राहीबाईची आठवण ठेवा. राही भैरू कणसे, करंजाडे.